दोन वार आणि तीन वार

"दोन वार," असं म्हणून तवनाप्पाअण्णा थांबले.

गुळाच्या थप्पीवर त्यांचा एक हात टेकलेला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि वर पत्र्याकडे पाहिलं. भोवतीचे खरेदीदार वाट बघत उभे राहिले. माझं पेन चिठ्ठीवर तयार होतं. अण्णा "तीन वार" म्हणाले की भाव आणि घेणाऱ्याचं नाव लिहायचं, चिठ्ठी फाडून अडत्याच्या हातात द्यायची आणि पुढच्या थप्पीकडे सरकायचं, हे माझं काम.

एवढ्यात मागून अजित चौगुलेचा आवाज आला, "अजून पाच."

"पाच वाढलं. एक वार, दोन वार, तीन वार," अण्णा एका दमात म्हणाले. गूळ अजितच्या नावावर गेला.

बिपिनशेठ माझ्या शेजारीच होते. पेठेतले सगळ्यांत मोठे आणि जुने खरेदीदार. "झाली खूण," ते शेजारच्याला म्हणाले. बोलले हळूच, पण अण्णांना ऐकू जाईल इतपत. अण्णांनी ऐकलं. ते पुढच्या थप्पीकडे चालू लागले.

ही गोष्ट कोल्हापूरकडच्या एका गूळपेठेतली. मी त्या वर्षी बाजार समितीत नवीन लागले होते. सौद्याच्या आवारात नोकरी करणारी मी एकटीच बाई. सुरुवातीला हमाल मला पाहून वाट सोडून उभे राहत, नंतर नंतर "बाई, पाय सांभाळा" एवढंच म्हणायला लागले. गुळाने फरशी चिकट असायची, तेव्हा त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

पेठेतला सौदा कसा चालायचा ते आधी सांगायला हवं. प्रत्येक अडत्याच्या दुकानापुढे शेतकऱ्यांच्या गुळाच्या थप्प्या लावलेल्या असत. पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत मिळून एक ओळ. पुकारणारा एका टोकाला सुरू करी, खरेदीदारांचा घोळका त्याच्याबरोबर सरके, आणि ओळ संपेपर्यंत पुकारणाऱ्याने ओळ सोडायची नाही, हा पेठेचा जुना नेम. कारण सोपं होतं. मध्ये खंड पडला की बाजाराची हवा बदलते, आणि मागच्या थप्पीचा शेतकरी म्हणतो की माझं नुकसान झालं. पूर्वी कधीतरी एक पुकारणारा मध्येच उठून गेला होता. तेव्हा भांडण एवढं पेटलं की सगळी ओळ पहिल्यापासून पुन्हा पुकारावी लागली. त्याला "ओळ मोडली" म्हणत, आणि पेठेत त्याहून मोठी नाचक्की नव्हती.

तवनाप्पा मगदूम हे आमचे पुकारणारे. उंच, सावळे, पांढरी टोपी, आवाज असा की आवाराबाहेर बैलगाडीत बसलेल्या शेतकऱ्यालाही आपला भाव कळावा. तरुणपणी ते गुऱ्हाळावर गुळवे होते, चुलीपुढे उभं राहून रस आटवणारे. आदल्या वर्षी ते कोल्हापूरच्या दवाखान्यात राहून आले होते. काय झालं म्हणून कोणी विचारलं तर सांगत, "डाक्टर म्हणाला, काळीज मोठं झालंय." त्यावर पेठेत सगळे हसत. हमाल म्हणत, हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे होता, आम्हाला विचारायचं. अण्णाही हसत. आता बरं आहे, एवढंच सांगत.

थांबणं सुरू झालं ते त्यानंतर. प्रत्येक थप्पीला नाही. पहिल्या काही दुकानांपर्यंत पुकार सरळ जाई. ओळ अर्धी सरली की मग एखाद्या थप्पीला "दोन वार" झाल्यावर ते गप्प होत, आणि त्या गप्पपणात कोणीतरी भाव वाढवी. बहुतेक वेळा अजित चौगुले. अजित नवा खरेदीदार होता, अण्णांच्याच गावचा, त्यांच्याच समाजातला. मग बोलणाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

शेतकरी खूश होते, पण खरेदीदारांत कुजबुज होती. आणि त्या "झाली खूण" नंतर बिपिनशेठनी समितीकडे सरळ तक्रारच केली.

आमचे सचिव घोरपडे यांनी मला आत बोलावलं. म्हणाले, तुम्ही अण्णांच्या अगदी शेजारी असता. काही बोलू नका, फक्त बघा. गप्प झाल्यावर ते कुणाकडे बघतात, हाताची, टॉवेलची काही खूण असते का, एवढंच. सभेत तुम्हाला विचारलं जाईल. सभेत तक्रार खरी ठरली तर अण्णांना काढून दुसरा माणूस घेणार, हेही त्यांनी सांगितलं. त्यांना ते आवडत नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मला कुणावर पाळत ठेवायची नव्हती, पण खरं सांगायचं तर कुतूहल मलाही होतं. मी बघायला लागले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ते कुणाकडेच बघत नाहीत. गप्प झाले की नजर वर, पत्र्याला जिथे उजेडाच्या काचा बसवल्या होत्या तिथे. अजित तर बहुतेक वेळा त्यांच्या पाठीमागेच असे. दुसरी गोष्ट, टॉवेलची खूण म्हणावी तर टॉवेल ते बोलतानाही सारखा करत. हात मात्र दर वेळी थप्पीवर टेकलेला असे. खूण करणारा माणूस हात मोकळा ठेवील.

मग दम लागत असेल, असं माझ्या मनात आलं. पण गुरुवारी, पेठ बंद असताना, मला ते आठवड्याच्या बाजारात भेटले. कोथिंबिरीवरून एका माळणीशी त्यांचं चाललं होतं. ही जुडी म्हणजे जुडी का, आमच्या वेळी जुडीत काय काय असायचं, पाऊस किती झाला, तुझ्या नवऱ्याने पाटाचं पाणी कुठे वळवलं, असं सगळं त्यांनी तिला एका सुरात ऐकवलं. कुठे अडकले नाहीत. माळीण शेवटी म्हणाली, "अण्णा, घ्या फुकट, पर गप बसा."

म्हणजे दम होता. मी घरी जाताना विचार करत होते, की दम लागत असेल तर तो गुरुवारी का लागू नये? हे मी घोरपडेसाहेबांना सांगितलं असतं तर तक्रार तिथेच खरी ठरली असती. मी काही सांगितलं नाही, कारण मला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी सभेची वेळ सांगायला मला अण्णांच्या घरी पाठवलं. घर माझ्या वाटेवरच होतं. सौद्याचा दिवस होता. अण्णा सोप्यात आरामखुर्चीवर बसले होते. खुर्चीत पाठीमागे दोन उशा होत्या आणि खुर्चीच्या हातावर घडी केलेली चादर. रात्रीही ते इथेच झोपतात हे पद्माकाकूंनी, त्यांच्या बायकोने, मी न विचारता सांगितलं. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं म्हणे. हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा होता, जणू अण्णा हट्टाने खुर्चीत झोपत होते.

अण्णांनी पायात चपला सरकवल्या होत्या. पाय सुजलेले होते. चपलेचा अंगठा नीट बसत नव्हता.

काकूंनी त्यांच्या हातावर एक बारकी गोळी ठेवली आणि आत माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या. अण्णांनी गोळी शर्टाच्या खिशात टाकली. अगदी सहज, रुमाल टाकावा तशी. मी बघते आहे हे त्यांनी बघितलं.

काकूंनी तांब्या-भांडं माझ्यापुढे ठेवलं. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, अगं उन्हात चालत आलीस, घोटभर तरी घे. मी म्हटलं, नको, कामावर जायचंय.

अण्णांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तूबी का?"

मला काही समजलं नाही. काकूंनाही नाही. अण्णा उठले आणि आम्ही पेठेकडे निघालो.

वाटेत ते शिंप्याच्या दुकानापाशी थांबले आणि त्याच्या नव्या मशीनची चौकशी केली. पुढे दवंडीच्या पारापाशी थांबून भिंतीवरची जाहिरात वाचली. माझ्या मनात "तूबी का" घोळत होतं. तूपण का, म्हणजे काय? मी काय केलं होतं? पाणी नको म्हटलं होतं. का नको म्हटलं होतं?

इथे माझं एक सांगायला हवं, जे तोवर मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सौद्याच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नसे. ओळ एकदा सुरू झाली की दुपारपर्यंत संपत नसे. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यालाही ओळ सोडता येत नव्हती. आणि मुतारी आवाराच्या टोकाला, ती पुरुषांची. मी घरी आदल्या महिन्यात एकदा तापाने पडले होते, तेव्हा आई म्हणाली होती की तू पाणी पीत नाहीस म्हणून हे झालं. का पीत नाही, ते मी तिला सांगितलं नव्हतं. ओळीत उभं राहायचं तर कोरडं राहायचं, हे मी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

जाहिरातीपाशी उभ्या असलेल्या अण्णांकडे मी पाहिलं. ते वाचत नव्हते. तोंड उघडं ठेवून हलकेच श्वास घेत होते.

पेठेत पोचल्यावर, खरेदीदार जमायच्या आधी, मी त्यांना गाठलं. पहिल्या थप्पीमागे ते टेकून उभे होते.

"अण्णा, ती गोळी कसली?"

"पाण्याची."

"म्हणजे?"

"अंगात पाणी साठतंय. पायात, छातीत. ती घेतली की निघून जातंय." ते थोडे हसले. "कुठनं जातंय ते तुला सांगाय नगं."

"मग घेत का नाही?"

"घेतो की. सौदा नसंल त्या दिवशी, गुरुवारी."

मग हळूहळू, थांबत थांबत, त्यांनी सगळं सांगितलं. गोळी घेतली की अर्ध्या सकाळपर्यंत सारखं उठावं लागतं. एकदा नाही, दोन-तीन वेळा. ओळ सोडून पुकारणारा कुठे जाणार? म्हणून सौद्याच्या दिवशी गोळी खिशात. काकू कपडे धुताना विचारतात, खिशाला हे पांढरं काय लागलंय, तर ते सांगतात की खडू असेल. आणि गोळी चुकली की ओळ अर्धी झाल्यावर छाती भरून येते. "दोन वार" म्हणेपर्यंत श्वास पुरतो. पुढचा शब्द निघत नाही. वर बघितलं की जरा मोकळं वाटतं, म्हणून वर बघायचं.

"डाक्टर म्हणाला, दोन म्हातारे हायत तुझ्यात," ते म्हणाले. "एक काळीज, एक फुफ्फुस. फुफ्फुस गुऱ्हाळाच्या धुरानं गेलंय, काळीज आपसूक गेलंय. दोघं एकमेकाचा हात धरून चालल्यात. एक खाली बसला की दुसराबी बसतोय."

मी विचारलं, हे समितीला का सांगत नाही? उद्या सभा आहे. खूण करतो म्हणून काढतील.

"काढू देत. चोर म्हटलेला माणूस उद्या खरा निघू शकतोय. दम नसलेला माणूस काय निघणार?" ते थप्पीवरून हात काढून सरळ उभे राहिले. "पुकारणाऱ्याला दम न्हाई म्हटल्यावर पुकार कुणी ऐकणार हाय का? हे तुझ्यात नि माझ्यात, बाळ."

खरेदीदार यायला लागले. त्या दिवशीही अर्धी ओळ झाल्यावर ते तीनदा थांबले. तिन्ही वेळा मी त्यांच्या पत्र्याकडे लागलेल्या नजरेकडे पाहिलं आणि पेन चिठ्ठीवर धरून ठेवलं.

सभा दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत झाली. अध्यक्ष सर्जेराव पाटील, दोन-चार संचालक, बिपिनशेठ, अजित चौगुले, अण्णा आणि मी. बिपिनशेठ शांतपणे बोलले. मला अण्णांवर पैसे खाल्ल्याचा आरोप करायचा नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. एवढंच विचारायचं आहे, की हे का थांबतात, आणि थांबले की चौगुल्यालाच भाव का सुचतो. अजितला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, मला काही खूण नाही, मी आपला भाव बोलतो. त्याच्या बोलण्याने कुणाचं समाधान झालं नाही.

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मी खूण केलेली न्हाई." मग का थांबता, असं विचारल्यावर त्यांनी नुसता टॉवेल सारखा केला.

मग घोरपडेसाहेबांनी मला विचारलं. ते गप्प झाल्यावर कुणाकडे बघतात? मी म्हटलं, पत्र्याकडे. हात? थप्पीवर. टॉवेल? खांद्यावर, तो ते बोलतानाही सारखा करतात.

"मग थांबतात कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पण माझं स्वतःचं एक सांगायचंय."

"तुमचं काय?"

"ओळ चालू असताना मला बाहेर जाता येत नाही."

अध्यक्षांना कळलं नाही. "बाहेर कुठं?"

"लघवीला."

घोरपडेसाहेबांनी समोरची फाईल उघडली आणि बंद केली. एका संचालकांना खोकला आला. मी पुढे सांगितलं, की सौद्याच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही, त्याने मला ताप येऊन गेला, आणि आवारात बायकांसाठी सोय नाही. ओळीच्या मध्यात थोडी सुट्टी मिळाली तर मी शेजारच्या शाळेत जाऊन येईन. नाहीतर मला हे काम करता येणार नाही.

सर्जेराव पाटलांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या घरात तीन मुली होत्या, त्यातली एक माझ्याच वयाची.

"आधी का सांगितलं न्हाईस?"

"कुणी विचारलं नाही."

"खरंच की," ते म्हणाले.

एका संचालकाने ओळ न मोडण्याचा नेम काढला. सर्जेराव म्हणाले, मोडायची कशाला, एका ओळीच्या दोन ओळी करा. मधल्या लिंबाच्या झाडापाशी पहिली ओळ संपली, चहा झाला, मग दुसरी सुरू. बिपिनशेठ म्हणाले, यात खरेदीदारांचं काही जात नाही. इतक्या पिढ्या चाललेला नेम चहा गार व्हायच्या आत बदलला. बाहेर आल्यावर एका हमालाने विचारलं म्हणे, की मग इतकी वर्षं बापयांनी काय केलं? दुसरा म्हणाला, बापय भिताड बघत्यात, त्यांना काय.

अण्णांबद्दलचा निर्णय मात्र पुढे ढकलला. महिनाभर बघू, असं ठरलं. सभेतून बाहेर पडताना अण्णा माझ्याजवळ आले. मला वाटलं रागावले असतील. ते म्हणाले, "माझं काय सांगितलं न्हाईस."

"नाही."

"मला वाटलं, आता सांगतेस."

पुढच्या सौद्याच्या दिवशी अण्णा घरी गोळी गिळूनच आले. लिंबापाशी ओळ संपली, चहाची किटली आली, मी शाळेकडे गेले आणि अण्णा आवाराच्या टोकाकडे. दुसऱ्या ओळीतही पुकार सरळ गेली. त्या आठवड्यात एकदाही "दोन वार" नंतर ते अडकले नाहीत. पायांची सूज उतरली. काकूंनी मला वाटेत थांबवून सांगितलं, की रात्री पलंगावर झोपतात, तेही एकाच उशीवर, आणि घोरतात. घोरण्याची तक्रार करताना त्या हसत होत्या.

मला वाटलं, प्रश्न सुटला. पण तो सुटला नव्हता.

"बघा," बिपिनशेठ म्हणाले, "सभा झाली आणि थांबणं बंद झालं. काही नव्हतंच तर बंद कसं झालं?" त्यांच्या बोलण्यात तथ्य दिसत होतं, हीच अडचण होती. जोवर अण्णा थांबत होते तोवर निदान काही जण म्हणत, म्हातारा माणूस आहे. आता थांबणं बंद झाल्यावर सगळ्यांनाच ती खूण होती असं वाटायला लागलं. शिवाय अजितच्या वाट्याला गूळ येईना. तो मागे उभा राहायचा, ओठ हलवायचा, बोलायच्या आत "तीन वार" झालेलं असायचं. चौगुल्याचं दुकान बसलं, असं लोक उघड म्हणायला लागले. महिना संपत आला होता.

त्याच दिवसांत एकदा लिंबाखाली चहा घेताना अण्णांनी मला विचारलं, "तुझ्या मनात काय येतंय? आता मी सांगितलं तर कोण खरं धरंल?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सगळे पहिल्या थप्पीपाशी जमले. घोरपडेसाहेबही आले होते, कारण महिना संपत होता. हमालाने थप्पीतला रवा, म्हणजे गुळाची ढेप, उतरवून चाकूने टवका काढला, खरेदीदारांनी कणी बघितली. अण्णांनी पुकार सुरू करायची ती केली नाही. त्यांनी खिशातून गोळी काढली आणि तळहातावर ठेवून हात सगळ्यांपुढे धरला.

"ही पाण्याची गोळी," ते म्हणाले. "रोज सकाळी घ्यायची असतीया. मी वरीसभर सौद्याच्या दिवशी घेतली न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. काळीज, फुफ्फुस, पाय, खुर्चीतली झोप, गोळी घेतल्यावर काय होतं ते, ओळ सोडायची नाही म्हणून काय केलं ते. जसा भाव पुकारत तसंच, शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. दारातले अडते बाहेर आले. अण्णा म्हणाले, "मी थांबलो तो श्वासासाठी. त्यात कुणाचं नुकसान झालं असंल तर त्यानं आत्ता बोलावं. आणि असला माणूस पेठेला नगं असंल, तर साहेब इथंच हायत."

गोळी त्यांनी तोंडात टाकली. कोरडीच गिळली.

मग बिपिनशेठनी विचारलं, आणि त्यांचा सूर भांडणाचा नव्हता, खरोखर कोडं पडल्याचा होता. "ते समजलं. पण मग दर वेळी हा चौगुलाच कसा?"

सगळ्यांनी अजितकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"शेठ, मला हिशोब झटक्यानं येत न्हाई," तो म्हणाला. "भाडं, अडत, हमाली, सगळं धरून कितीला परवडतंय ते मनात मांडूस्तर तीन वार होतंय. अण्णा थांबायचं तवा माझं गणित पुरं व्हायचं."

आधी एक हमाल हसला. मग त्याच्या शेजारचा. मग हसणं दुकानांतून पुढे गेलं, आणि अजितही शेवटी हसला. बिपिनशेठ हसले नाहीत. ते अण्णांजवळ गेले. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. शेठ मागे वळून म्हणाले, "पाणी आणा रे अण्णांना."

"पाणी नगं, शेठ," अण्णा म्हणाले. "पाण्याचाच तर घोळ हाय सगळा."

समितीने डॉक्टरांचं मत मागवलं. डॉक्टरांनी कळवलं, की गोळी न चुकवता, मध्ये बसून विश्रांती घेत, बेताने पुकारायला हरकत नाही. त्या दिवसापासून एक हमाल अण्णांच्या मागोमाग लोखंडी खुर्ची घेऊन सरके. आवारात बायकांसाठी मुतारी बांधायचा ठराव पुढच्या वर्षी झाला, आणि ती बांधली त्याच्या पुढच्या वर्षी. अण्णांनी आणखी काही हंगाम पुकार केली. नंतर दोन म्हाताऱ्यांपैकी एक कायमचा खाली बसला, आणि दुसराही बसला. तेव्हा माझी बदली दुसऱ्या पेठेत झालेली होती. तिथे मी हा किस्सा अनेकदा सांगितला, पण सांगताना मला त्यातला एकच दिवस लख्ख दिसतो.

तो गोळी दाखवल्याच्या दुसऱ्या आठवड्यातला. गूळ उत्तम होता, पिवळाधमक, कणीदार, आणि बिपिनशेठ, अजित दोघांनाही हवा होता. लिंब ओलांडून दुसरी ओळ सुरू झाली होती. अण्णा खुर्चीवर बसून पुकारत होते. बिपिनशेठनी भाव वाढवला. अजितने वाढवला, आणि या वेळी तो लगेच बोलला. घरून गणित मांडून आणत असणार. शेठनी आणखी वाढवला. अजितने त्यावर वाढवला.

"एक वार," अण्णा म्हणाले. "दोन वार."

बिपिनशेठचे ओठ हलत होते. त्यांनी एक बोट वर केलं. "अण्णा, जरा थांबा. हिशोब करतोय."

अण्णांनी पत्र्याकडे पाहिलं नाही. त्यांनी शेठकडे पाहिलं, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आता दम हाय, शेठ. तीन वार."

मी चिठ्ठीवर अजितचं नाव लिहिलं आणि फाडली.